केबी पेशी, एक जेल आणि सुरू न झालेली चाचणी

या प्रकरणातल्या शास्त्रज्ञ बाईंना त्यांच्या प्रयोगशाळेत सगळे ‘मॅडम’ म्हणतात, इथेही तेच म्हणतो. लिहायला त्यांनी परवानगी दिली आहे. संस्था, गाव आणि औषध यांची नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्याच इमारतीत एक मजला वर काम करत होतो आणि पुढे झालेल्या दोन बैठकांना हजर होतो, त्यामुळे यातलं बरंचसं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पार्श्वभूमी

मॅडमची एम.एस्सी. प्राणिशास्त्रात, पीएच.डी. पेशीशास्त्रात. पीएच.डी.चा विषय पेशींचा मृत्यू: पेशी आकसते कशी, तिच्या डीएनएचे तुकडे कसे पडतात, कोणती प्रथिनं हे घडवून आणतात. निव्वळ मूलभूत काम. मग परदेशात चार वर्षं पोस्टडॉक, आणि परत येऊन संस्थेत स्वतःचा छोटा गट.

गट सुरू झाल्यावर दोन वर्षांतच त्यांच्या लक्षात आलं, की ग्रँटच्या मुलाखतीत फिरून फिरून एकच प्रश्न येतो: रुग्णाला याचा उपयोग काय? पुष्कळ मूलभूत संशोधकांना हा प्रश्न टोचतो. मॅडमनी तो मनावर घेतला. शेजारच्या शहरातल्या एका डोके-मानेच्या सर्जनना त्या भेटल्या आणि दर मंगळवारी त्यांच्या ओपीडीत एका कोपऱ्यात स्टूल घेऊन बसू लागल्या. सहा महिने बसल्या. ‘तोंड उघडा’ म्हटल्यावर ज्याच्या तोंडात जेमतेम दोन बोटं जातात असा तिशीतला रिक्षावाला, गालाच्या आतला पांढरा चट्टा ‘मिश्रीनं घासलं गेलं असेल’ म्हणून वर्षभर अंगावर काढलेली बाई, हे सगळं त्यांनी तिथे पाहिलं. भारतीय पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरांत तोंडाचा कॅन्सर अगदी वरच्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण ओपीडीतली रांग पाहून ते कुणाला खरं वाटलं नसतं.

कल्पना तिथेच सुचली. पेटंट केव्हाच संपलेलं, गोळीच्या रूपात वर्षानुवर्षं वापरात असलेलं एक स्वस्त औषध मॅडमच्या हातात होतं. पेशीमृत्यूच्या कामात त्याचा परिणाम त्यांनी पाहिला होता. त्याचं जेल करून ते ल्युकोप्लेकियाच्या, म्हणजे पुढे कॅन्सर होऊ शकेल अशा पांढऱ्या चट्ट्यावर थेट लावलं तर? औषध जुनं, त्याचे दुष्परिणाम माहीत असलेले, आणि लावायची जागा डोळ्यांना दिसणारी. प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत जायला याहून सरळ रस्ता सहसा मिळत नाही.

पुढची पाच वर्षं याच्यावर गेली. एका विद्यार्थिनीची पीएच.डी. त्यावर झाली, दुसरीची सुरू होती. दोन शोधनिबंध छापून आले, तिसरा परीक्षकांकडे होता. निष्कर्ष नीटस होता. औषध दिलं की पेशींतलं पी-५३ हे प्रथिन वाढतं आणि पेशी मरतात. पी-५३ म्हणजे बिघडलेल्या पेशीला वाढू न देणारा पहारेकरी. औषध या झोपलेल्या पहारेकऱ्याला जागं करतं, असं निबंधात मांडलं होतं. रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीनं छोट्या चाचणीला मान्यता दिली होती आणि देशाच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदणीही झाली होती. सर्जनच्या वहीत पहिल्या काही संभाव्य रुग्णांची नावं होती.

हे सगळं काम मुख्यतः एका पेशीवाणावर, म्हणजे एकाच रुग्णाच्या पेशींपासून प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवत ठेवलेल्या पेशींवर झालेलं होतं. त्याचं नाव केबी. मॅडम परदेशातून परतल्यावर पीएच.डी.च्या गाइडना भेटायला गेल्या, तेव्हा गाइडनीच कोरड्या बर्फाच्या डब्यात दोन व्हायल, म्हणजे गोठवलेल्या पेशींच्या छोट्या कुप्या दिल्या होत्या. रात्रीच्या बसनं मांडीवर डबा धरून त्या आल्या आणि सकाळी घरी न जाता थेट लिक्विड नायट्रोजनच्या टाकीपाशी गेल्या. व्हायलवर निळ्या मार्करनं लिहिलं होतं: ‘केबी, ओरल’. १९५५ साली हॅरी ईगल यांनी एका पुरुषाच्या तोंडातल्या कॅन्सरपासून हे वाण वाढवल्याची नोंद आहे, आणि भारतातल्या असंख्य प्रयोगशाळांत ते ‘तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी’ म्हणूनच वापरलं गेलं आहे.

अडचण कशी उघड झाली

चाचणीआधीची शेवटची बैठक रुग्णालयात होती. मॅडमनी ब्लॉटची, म्हणजे पेशींत एखादं प्रथिन किती आहे ते पट्ट्यांनी (बँडनी) दाखवणाऱ्या तपासणीची चित्रं दाखवली. औषध न दिलेल्या पेशींत पी-५३चा बँड अगदी फिकट, दिसेल न दिसेल असा, आणि औषध दिल्यावर गडद. रुग्णालयाच्या पॅथॉलॉजिस्ट बाई या बैठकीला पहिल्यांदाच आल्या होत्या. त्यांनी सोबत आणलेल्या स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली लावल्या. चट्ट्यांच्या आणि कॅन्सरच्या बायोप्सी, पी-५३साठी रंगवलेल्या. बहुतेकींत पेशींची केंद्रकं गडद तपकिरी झालेली होती.

“मॅडम, आमच्या पेशंटमध्ये पी-५३ हे असं भरभरून दिसतं,” त्या म्हणाल्या. “जनुक बिघडलं की प्रथिन निकामी होतं, पण साचून राहतं. काही जणांत ते अजिबातच दिसत नाही, तेही बिघाडामुळेच. तुमच्या पेशींत मात्र ते थोडंसं आहे, आणि औषध दिलं की वाढून कामालाही लागतं. म्हणजे जनुक धडधाकट असणार. मग ते मुळात इतकं कमी का?”

बैठकीत याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. तंबाखूमुळे होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरांत पी-५३चं जनुक वारंवार बिघडलेलं असतं, ही जुनी माहिती आहे. पश्चिम बंगालमधल्या कल्याणी गावच्या आणि नवी मुंबईच्या संस्थांनी मिळून गाल-हिरडीच्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला, त्यातही हे जनुक ठळकपणे होतं. मॅडमना हे पाठ होतं. पण आपल्या पेशींकडे त्या या नजरेनं कधी पाहत नव्हत्या. पाहायची गरजच पडली नव्हती, कारण व्हायलवर ‘ओरल’ लिहिलेलं होतं.

परतीच्या वाटेवर गाडीत त्यांना एक शक्यता सुचली. धडधाकट पी-५३ सतत कमी राहतं, याचं एक नेहमीचं कारण म्हणजे ह्युमन पॅपिलोमा विषाणू (एचपीव्ही). त्याचं ई-६ हे प्रथिन पी-५३ला पकडून पेशीच्या कचराकुंडीकडे पाठवतं. विषाणूचा डीएनए पेशींत आहे का, ते पीसीआर तपासणीनं कळतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी विद्यार्थिनीला सांगितलं, “अगं, केबीच्या डीएनएवर एचपीव्ही-१६ आणि १८ची पीसीआर लाव.”

तपासणीच्या जेलपट्टीवर (औषधाच्या जेलशी हिचा संबंध नाही) एचपीव्ही-१८चा बँड लख्ख आला. पहिली शंका साहजिकच हाताच्या चुकीची. एचपीव्ही-१८साठी पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे बँड नक्की यायलाच हवा असा नमुना म्हणून, हेला या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशींचा डीएनए वापरतात, आणि कंट्रोलचा रकाना केबीच्या अगदी शेजारी होता. दोन्ही बँड जुळ्या बहिणींसारखे. कंट्रोल सांडून शेजारी गेला असेल असं धरून नवीन नळ्या, नवीन पिपेट, वेगळं टेबल घेऊन प्रयोग दोनदा परत केला. बँड तिथेच.

मग नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत एसटीआर तपासणीला पाठवला. डीएनएवर ठरावीक जागी छोट्या अक्षरमालिका पुन्हा पुन्हा येतात, त्या किती वेळा येतात हे मोजून माणसाची ओळख पटवायची, अशी ही पद्धत. न्यायवैद्यक खातं वापरतं तीच. दहा दिवसांनी एका पानाचा तक्ता आला. मी तो पाहिला आहे. डी१३एस३१७ या जागेपुढे लिहिलं होतं: १२, १३.३. पेशीवाणांची ज्यांना सवय आहे त्यांना हा अपूर्णांक पाहिला की पुढचं वाचावं लागत नाही. बाकीचे आकडेही जुळत होते. लिंग दाखवणाऱ्या रकान्यात फक्त एक्स. मूळ रुग्ण पुरुष होता, पण वाढवलेल्या पेशींतून वाय गुणसूत्र गळून जातं असंही होतं, म्हणून एवढ्यावरून काही सिद्ध झालं नसतं. सगळे आकडे मिळून मात्र शंका उरली नाही. त्या हेला पेशी होत्या.

इथे थोडं मागे जायला हवं. हेला पेशी हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्या पेशी काढल्या गेल्या, लॅक्सबाईंना न विचारता. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी लॅक्सबाई गेल्या. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांच्या पेशी मात्र वाढत राहिल्या. (पुण्याच्या कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाचं तंत्र याच गाय यांच्याकडे शिकून घेतलं आणि परत येऊन मुंबईत देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. आपल्याकडच्या पेशीशास्त्राचं नातं त्या खोलीशी इतकं थेट आहे.) हेला पेशी इतक्या जोमानं वाढतात, की सामायिक पिपेटमधून किंवा मीडियमच्या, म्हणजे पेशी वाढवायच्या द्रवाच्या बाटलीतून एखादा थेंब दुसऱ्या फ्लास्कमध्ये गेला तरी काही आठवड्यांत मूळ पेशी संपतात आणि फ्लास्क हेलाचा होतो. लेबल तेच राहतं. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी एका परिषदेत हे पहिल्यांदा उघड केलं. १९७०च्या दशकात वॉल्टर नेल्सन-रीस यांनी गुणसूत्रांवरच्या खुणा पाहून अशा वाणांच्या याद्याच छापल्या. चुकीची ओळख असलेल्या पेशीवाणांची आजची आंतरराष्ट्रीय यादी पाचशेच्या वर गेली आहे, आणि केबी त्या यादीत आहे. म्हणजे ही गोष्ट शोधणाऱ्याला एका मिनिटात सापडली असती. मॅडमनी शोधली नव्हती, त्यांच्या गाइडनी नाही, दोन्ही निबंधांच्या परीक्षकांनीही नाही.

समोरचे पर्याय

मॅडमनी त्या संध्याकाळी दार बंद करून चार गोष्टी वहीत लिहिल्या होत्या. ते पान त्यांनी मला नंतर दाखवलं.

पहिली: कुणाला काही न सांगता खऱ्या तोंडाच्या पेशींवर प्रयोग करून घ्यायचे आणि निकाल बरा आला तर तिसऱ्या निबंधात ‘आणखी एक वाण’ म्हणून घालायचा. हे लिहून त्यांनी लगेच खोडलं होतं, पण लिहिलं होतं. मला याचं मोल वाटतं. जो पर्याय मनात येतो तो कागदावर आला, की त्याच्याकडे नीट बघता येतं.

दुसरी: छापलेल्या निबंधांना शुद्धिपत्र द्यायचं. ‘केबी’च्या जागी ‘हेला’ आणि ‘तोंडाच्या’ऐवजी ‘गर्भाशयमुखाच्या’. बरेच जण एवढं करतात, आणि काही कामांना ते पुरतंही. उदाहरणार्थ, फोलेट रिसेप्टर (फोलेट हे जीवनसत्त्व पकडणारं प्रथिन) पुष्कळ असलेल्या पेशी हव्यात म्हणून कुणी केबी वापरल्या असतील, तर लेबल बदललं तरी प्रयोग बहुतांशी उभा राहतो. मॅडमचा पहिला निबंध तसा नव्हता. त्याच्या शीर्षकातच तोंडाचा कॅन्सर होता.

तिसरी: निबंध मागे घ्यायचे. प्रामाणिक चुकीसाठीही निबंध मागे घेता येतो, किंबहुना निष्कर्ष भरवशाचा राहिला नसेल तर तो घ्यावा, असंच प्रकाशननीतीचे नियम सांगतात. पण आपल्याकडे ‘रिट्रॅक्शन’ हा शब्द ऐकला की लोकांच्या डोक्यात लबाडी येते. बढतीची मुलाखत आठ महिन्यांवर होती.

चौथी चाचणीची. तिथे दोन मतं होती आणि दोन्हींना वजन होतं. सर्जन म्हणाले, “औषध सुरक्षित आहे, पेशंटना आज देण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. पेशी कुठल्या का असेनात, चट्टा बरा होतो का ते तर बघू.” या म्हणण्याला सहज उडवून लावता येत नाही. वैद्यकात कितीतरी औषधं नीट कारण न कळताच लागू पडली आहेत.

याच मुद्द्यावर मॅडम सगळ्यात जास्त अडल्या. संमतिपत्राचा मराठी मसुदा त्यांनी स्वतः लिहिला होता, ओपीडीतल्या बायकांना समजेल असा, सात वेळा बदलून. त्यात एक वाक्य होतं: ‘प्रयोगशाळेत तोंडाच्या कॅन्सरच्या पेशींवर या औषधाचा चांगला परिणाम दिसला आहे.’ ते वाक्य काढलं, तर रुग्णाला विचारणार कशाच्या आधारावर? आणि ठेवलं, तर ते खरं नव्हतं. त्यातून विज्ञानाचा प्रश्न होताच. औषध जर ई-६चं प्रमाण कमी करून पी-५३ला मोकळं करत असेल, तर ज्याच्या चट्ट्यात ई-६ नाहीच आणि पी-५३चं जनुकच बिघडलेलं आहे, त्याला ते लागू पडायचं काही कारण उरत नाही. आपल्याकडच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरामागे मुख्यतः तंबाखू आहे, एचपीव्हीचा वाटा लहान.

काय केलं

त्यांनी त्याच रात्री सर्जनना फोन केला आणि चाचणी थांबवायची असं सांगितलं. चर्चा करू, असं त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एथिक्स कमिटीला पत्र गेलं, सोबत एसटीआरचा तक्ता. त्या आठवड्यात त्यांनी घेतलेला हा सगळ्यात स्वच्छ निर्णय होता असं मला वाटतं. पहिला रुग्ण अजून चाचणीत आला नव्हता. दोन महिने उशीर झाला असता, तर जेल लावलेल्या माणसांना समोर बसवून हे सांगावं लागलं असतं.

कमिटीच्या बैठकीला मी संस्थेच्या वतीनं गेलो होतो. सामान्य नागरिकांच्या वतीनं कमिटीवर असलेल्या एक निवृत्त शिक्षिका बराच वेळ गप्प होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, “म्हणजे आधीच्या कागदावर आम्ही सही केली, ते खोटं होतं का?”

“मला माहीत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “पण हो, लिहिलेलं खरं नव्हतं.”

त्या बाईंनी मान हलवली आणि सचिवांना हे दोन्ही वाक्यांसकट इतिवृत्तात घ्यायला सांगितलं.

प्रयोगशाळेत पुढचे तीन आठवडे कुणी नवा प्रयोग लावला नाही. टाकीतल्या प्रत्येक वाणाची एक व्हायल काढून तपासायला पाठवली. केबीची सगळ्यात जुनी, बसनं आणलेल्यांपैकी न उघडलेली व्हायलही गेली. तीही हेलाच निघाली, म्हणजे मिसळ मॅडमच्या इनक्युबेटरमध्ये झालेली नव्हती. खरं तर शुद्ध केबी आता जगात कुठे मिळेल असं नाही, त्यामुळे ही तपासणी केबीसाठी लागत नव्हती. ती बाकीच्या वाणांसाठी आणि विद्यार्थ्यांच्या मनासाठी होती, कारण त्यांच्यातला प्रत्येक जण ‘माझ्या हातून तर झालं नाही ना’ या विचारानं पोखरला होता. इतर वाणं लेबलाप्रमाणेच निघाली. सुदैवानं हेला फक्त एकाच लेबलाखाली होती.

मग खरी परीक्षा. जिभेच्या कॅन्सरपासून वाढवलेल्या, ओळख तपासलेल्या कॅल-२७ पेशी मागवल्या, ज्यांत पी-५३चं जनुक बिघडलेलं आहे. टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रात भारतीय रुग्णांपासून तयार झालेलं एडब्ल्यू-१३५१६ हे वाणही मिळवलं. केबीत ज्या मात्रेला निम्म्या पेशी मरत होत्या, त्या मात्रेला या दोन्ही वाणांत जवळजवळ काहीच झालं नाही. मात्रा खूप वाढवल्यावर पेशी मेल्या, पण तेवढं औषध जेलमधून चट्ट्यात उतरवणं शक्य नव्हतं, आणि तितक्या मात्रेला तोंडाच्या निरोगी पेशीही मरत होत्या. सर्जन हा तक्ता बघायला स्वतः प्रयोगशाळेत आले. बराच वेळ पाहिल्यावर म्हणाले, “बरं झालं थांबलो.”

तिसरा निबंध परीक्षकांकडून परत मागवला. पहिला मागे घेण्याचं पत्र मॅडमनी स्वतः लिहिलं, कारणासकट. दुसऱ्यात पेशीमृत्यूची यंत्रणा होती आणि हेला म्हणून वाचला तर त्यातला बराच भाग टिकत होता, म्हणून त्याला शुद्धिपत्र. ग्रँट देणाऱ्यांना अर्धवार्षिक अहवालाची वाट न पाहता कळवलं.

विद्यार्थिनींच्या बाबतीत मात्र क्रम चुकला. सध्याच्या विद्यार्थिनीला पीसीआरपासून सगळं ठाऊक होतं. पण जिची पीएच.डी. झाली होती, जी पहिल्या निबंधाची पहिली लेखिका होती आणि आता परदेशात पोस्टडॉक करत होती, तिला मॅडमनी मासिकाला पत्र गेल्यावर तीन दिवसांनी ईमेल केला. मॅडमचं म्हणणं, आधी सगळं पक्कं करावं, मग तिला त्रास द्यावा. तिला ते पाठीमागून केल्यासारखं वाटलं, आणि मला तिचं चुकतं असं म्हणवत नाही. तिच्या नावावरचा तो मुख्य निबंध होता. तिनं फोनवर एवढंच विचारलं म्हणे, “मॅडम, मला विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं असं वाटलं का तुम्हाला?”

निष्पत्ती

मागे घेण्याच्या विनंतीवर निर्णय यायला नऊ महिने लागले. संपादकांनी आधी ‘शुद्धिपत्र पुरेल’ असं कळवलं होतं, दोन पत्रं लिहिल्यावर ते तयार झाले. सूचनेत ‘लेखकांच्या स्वतःच्या विनंतीवरून’ हे शब्द यावेत यासाठी मॅडम अडून बसल्या. हा हट्ट योग्यच होता, कारण विद्यार्थिनीचं नाव शोधणाऱ्याला पुढे तीच ओळ दिसणार होती.

ग्रँटचा पुढचा हप्ता सुधारित प्रस्ताव येईपर्यंत थांबला. बढती त्या वर्षी झाली नाही, पुढच्या वर्षी झाली. मुलाखतीत एका सदस्यानं मागे घेतलेल्या निबंधाबद्दल तिरकस विचारलं, तर दुसऱ्यानं, जे स्वतः पेशीशास्त्रज्ञ होते, आपल्या प्रयोगशाळेतली वाणं शेवटची कधी तपासली ते आठवत नाही असं सगळ्यांसमोर सांगितलं.

सगळ्यात जड गेलं ते सध्याच्या विद्यार्थिनीला. आपल्याकडे फेलोशिप पाच वर्षांची असते, तिचं साडेचारावं चालू होतं. आता तिच्या हातात होता एक रद्द विषय. बँड पहिल्यांदा दिसला त्या दिवशी तिच्या तोंडून गेलं होतं, “मॅडम, मग माझं काय?” आणि मॅडमकडे तेव्हा उत्तर नव्हतं. पुढे मुदतवाढ मिळाली, मधले काही महिने प्रकल्पाच्या पैशातून तिचा पगार निघाला. प्रबंध नव्यानं उभा राहिला. औषध ई-६वर काय करतं हा त्याचा गाभा झाला. त्यासाठी गर्भाशयमुखाची वेगवेगळी वाणं घेतली: सीहा आणि कास्की, ज्यांत एचपीव्ही-१६ आहे, आणि सी-३३ए, ज्यात एचपीव्ही नाही आणि पी-५३ बिघडलेलं आहे. पहिल्या दोन्हींत औषधाचा परिणाम दिसला, तिसऱ्यात दिसला नाही. म्हणजे यंत्रणेबद्दलचा तर्क खरा होता, आजार मात्र दुसराच. प्रबंधाचं पहिलं प्रकरण केबीवर आहे, एसटीआरच्या तक्त्यासकट. व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निम्मा वेळ त्याच प्रकरणावर घालवला.

गर्भाशयमुखावरच्या कॅन्सरपूर्व बदलांसाठी जेल वापरता येईल का, यावर एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंबरोबर आता काम सुरू आहे. या वेळी पहिलं वर्ष फक्त रुग्णांच्या नमुन्यांवर गेलं. चाचणीचा अर्ज अजून केलेला नाही, आणि मॅडमना घाई नाही.

वेगळं काय करता आलं असतं

एसटीआर तपासणीचा खर्च ब्लॉटसाठी लागणाऱ्या एका चांगल्या अँटिबॉडीच्या बाटलीहून कमी असतो. नवीन वाण आलं की दुसऱ्या वाणांपासून वेगळ्या इनक्युबेटरमध्ये ठेवायचं, आंतरराष्ट्रीय यादीत नाव बघायचं, तपासणी करायची, आणि निकाल येईपर्यंत त्यावर एकही प्रयोग करायचा नाही, एवढं केलं असतं तर हे प्रकरण घडलंच नसतं. मॅडमना हे तंत्र येत नव्हतं असं नाही. व्हायल गाइडनी दिली होती. गाइडच्या हातातून आलेली वस्तू तपासायला पाठवणं म्हणजे त्यांच्यावर अविश्वास, असं आपल्याकडे नकळत मानलं जातं. ते किती महागात पडतं ते इथे दिसलं. जगभर चुकीच्या ओळखीच्या पेशींवर आधारलेले निबंध किती, याचा २०१७ सालचा एक अंदाज ३२,७५५ आहे. इतक्या सगळ्या ठिकाणी आळशी किंवा लबाड माणसं बसलेली नाहीत. बहुतेकांनी विश्वासानं दिलेली व्हायल विश्वासानं घेतली, इतकंच.

दुसरा मुद्दा एकाच वाणावर विसंबण्याचा. पहिल्या निबंधाच्या वेळीच दुसरं एखादं खरं तोंडाचं वाण सोबत घेतलं असतं, तर परिणाम तिथे दिसला नसता आणि पाच वर्षांऐवजी पाच महिन्यांत प्रश्न पडला असता. त्या वेळी प्रयत्न झाला होता, पण दुसरं वाण हळू वाढत होतं, निकाल ‘नीट येत नाही’ म्हणून बाजूला ठेवलं गेलं. केबी भराभर वाढतात म्हणून सगळ्यांच्या आवडत्या होत्या. त्या भराभर का वाढतात, हे विचारायला हवं होतं.

पॅथॉलॉजिस्ट बाई पहिल्याच वर्षी टेबलावर हव्या होत्या. मॅडम सहा महिने ओपीडीत बसल्या, रुग्ण पाहिले, सर्जनशी मैत्री केली, पण त्या रुग्णांच्या ऊती काचेखाली पाहणाऱ्या खोलीत गेल्या नाहीत. पेशीशास्त्रज्ञ आणि सर्जन यांच्यामध्ये जो माणूस रोज खरा आजार डोळ्यांनी पाहतो, तो या प्रकल्पात शेवटच्या बैठकीला आला आणि पंधरा मिनिटांत नेमकी जागा दाखवून गेला.

जुन्या विद्यार्थिनीला पहिला फोन व्हायला हवा होता, संपादकांच्याही आधी. मॅडमनी हे तिला नंतर लेखी कळवलं. दोघींचं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे. गाइडनाही त्या भेटून आल्या. सर आता निवृत्त आहेत. ऐकून घेतल्यावर त्यांनी सांगितलं की त्यांनाही ती व्हायल अशीच कुणीतरी दिली होती, आणि आपण आजवर ती किमान सहा जणांना दिली असेल. त्यातली चार नावं त्यांना आठवली. मॅडमनी त्या चौघांना पत्र आणि तक्ता पाठवला आहे. दोघांनी आपल्या पेशी तपासायला दिल्या. उरलेल्या दोन नावांसाठी सर जुन्या वह्या काढून बसले आहेत.